ग्लुटेन सोडून सात महिने: तब्येत सुधारली, वाद वाढले

अर्धा_डबा
सात महिने झाले, ग्लुटेन हे प्रथिन असलेल्या गहू, बार्ली आणि राय या तिन्ही धान्यांना माझ्या ताटात बंदी आहे. त्याआधी जेवण झालं की तासाभरात पोट टम्म फुगायचं. ऑफिसात टेबलाखाली हात घालून पट्टा एक भोक सैल करायची इतकी सवय झाली होती, की मीटिंगमध्ये बोलता बोलता ते काम उरकायचो. वर्षातून सात-आठ वेळा तोंड यायचं. दुपारी तीननंतर डोक्यात कापूस कोंबल्यासारखं वाटायचं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन जरा कमी. लोहाच्या गोळ्या घेतल्या, फार फरक पडला नाही.

मग ओळखीतल्या एकाने सांगितलं, महिनाभर ग्लुटेन बंद करून बघ. केलं. नवव्या दिवशी संध्याकाळी लक्षात आलं की आज पट्टा सैल केलाच नाही. तेव्हापासून एकदाही तोंड आलेलं नाही. चार किलो वजन उतरलं, ते मी मागितलंही नव्हतं.

आता जो भेटतो तो म्हणतो, हे फॅड आहे. माझं म्हणणं साधं आहे: हाताच्या काकणाला आरसा कशाला? तुमचं काय मत?

खडूस_कारकून
आरसा यासाठी, की काकण कुठलं घातलंय ते नीट दिसावं. ग्लुटेन सोडलं म्हणजे बिस्किटं, केक, पिझ्झा, रात्री अकराचे नूडल्स आणि बियरही सुटली. जेवणाची वेळ सुधारली असेल, घरचं खाणं वाढलं असेल. एकाच दिवशी वीस गोष्टी बदलल्या आणि श्रेय एकट्या ग्लुटेन सोडण्याला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.

अर्धा_डबा
बियर मी पीत नाही. बाकी यादी मान्य. पण गेली ना लक्षणं? फांदी कावळ्याने तोडली की वाऱ्याने, मला तर मोकळं आकाश दिसतंय.

मधली_सुट्टी
तोंड येणं आणि गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन न वाढणं, हे वाचलं आणि थबकले. मला सीलिॲक आहे. एकतिसाव्या वर्षी निदान झालं. त्याआधी चार वर्षं लोहाच्या गोळ्या गिळत होते आणि "वेळेवर खात जा" हा सल्ला ऐकत होते.

लहान आतड्याच्या सुरुवातीला जिथे लोह शोषलं जातं, तिथलं अस्तर टॉवेलसारखं असतं, बारीक बारीक उभ्या धाग्यांचं. सीलिॲकमध्ये ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती त्याच अस्तरावर उलटते. हळूहळू धागे झिजतात, टॉवेलचं गुळगुळीत फडकं होतं. मग वरून कितीही लोह ओता, पालथ्या घड्यावर पाणी.

जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो आणि त्यातल्या पुष्कळांना त्याचा पत्ताच नसतो. म्हणून विचारते: सोडण्याआधी टीटीजी-आयजीए ही सीलिॲकच्या अँटिबॉडी शोधणारी रक्ताची तपासणी केली होती का?

अर्धा_डबा
नाही. कोणी सुचवली नाही, मीही विचारलं नाही.

मधली_सुट्टी
तिथेच चुकलं. ही तपासणी ग्लुटेन खात असतानाच खरं बोलते. सोडल्यावर अँटिबॉडी उतरत जातात, अस्तरही भरून यायला लागतं. सात महिन्यांनी केलीत तर सगळं ठीक दिसू शकतं आणि त्या ठीक दिसण्याला काही अर्थ नसेल.

रॅकेट_तुटलेली
टेनिसपटू जोकोविच बघा की. २०१० पर्यंत मोठ्या सामन्यांत मधेच गळपटायचा. ग्लुटेन सोडलं आणि २०११ मध्ये तीन ग्रँड स्लॅम! अजून काय पुरावा पाहिजे?

खडूस_कारकून
त्याची पहिली "तपासणी" कशी झाली, तेही त्यानेच सांगितलंय. एका हाताने पोटाशी पावाचा तुकडा धरायचा आणि दुसऱ्या हाताची ताकद कमी होते का ते बघायचं. पावाचा तुकडा निदान करायला लागला तर डॉक्टरांनी बेकरी उघडावी. त्याचा बॅकहँड कुठल्या पिठाचा होता, ते विचारा आधी.

गणिताची_वही
मूळ मुद्दा वेगळाच आहे. सीलिॲक नाही, गव्हाची ॲलर्जी नाही, तरी गहू खाल्ला की पोट बिघडतं, असे लोक आहेत आणि ते नाटक करत नाहीत. प्रश्न असा की दोषी ग्लुटेनच कशावरून?

ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या गटाने २०१३ मध्ये अशा ३७ जणांना आधी फॉडमॅप कमी असलेल्या आहारावर ठेवलं. फॉडमॅप म्हणजे आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या, आंबून वायू करणाऱ्या शर्करा. त्यावरच सगळ्यांना बरं वाटलं. नंतर गुपचूप ग्लुटेन दिलं, तर त्याचा असा वेगळा परिणाम दिसला नाही.

२०१८ मध्ये नॉर्वेत ५९ जणांना आठवडा-आठवडा तीन प्रकारचे बार दिले: एकात ग्लुटेन, एकात फ्रुक्टान, एकात दोन्ही नाही. आत काय ते कोणालाच माहीत नव्हतं. सगळ्यात जास्त त्रास फ्रुक्टानने झाला. फ्रुक्टान हे फॉडमॅपपैकीच; ते गव्हात असतं, तसंच कांद्यात आणि लसणातही. म्हणजे गहू सोडून ज्याला बरं वाटलं, त्याच्या बाबतीत आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं झालेलं असू शकतं.

सावरी
वहीतलं अर्धंच पान वाचून दाखवलंत. मोनाशच्याच गटाचा २०११ चा प्रयोग आहे, ३४ जणांचा. त्यात ग्लुटेनवाल्यांना जास्त त्रास झाला होता. आणि नॉर्वेच्या ५९ पैकी १३ जणांचा सगळ्यात वाईट आठवडा ग्लुटेनचाच होता. ते तेरा जण काय खोटे? सरासरी काढली की माणूस हरवतो. ही चर्चा काढणारे गृहस्थ त्या तेरातले नसतील कशावरून?

गणिताची_वही
नसतील असं मी म्हणतच नाही. पण आकडे काढलेच आहेत तर पूर्ण काढू. २४ जणांचा सर्वात वाईट आठवडा फ्रुक्टानचा, १३ जणांचा ग्लुटेनचा, आणि २२ जणांचा त्या बारचा, ज्यात काहीच नव्हतं. काहीच नसलेल्याने बावीस जण हैराण. आता त्या तेरापैकी खरे किती आणि योगायोगाचे किती, सांगा. २०११ चा मुद्दा मात्र बरोबर आहे. म्हणूनच त्यांनी पुढचा प्रयोग फॉडमॅप आवरून केला.

दोन_वाट्या
हे आम्ही घरीच करून बघितलंय, गंमत म्हणून. गंमत राहिली नाही.

बायकोने दीड वर्षापूर्वी ग्लुटेन सोडलं. तिच्या संमतीनेच ठरवलं: रोज सकाळी एक वाटी कुस्करलेलं केळं, त्यात भरपूर कोको. काही दिवस त्यात ग्लुटेनची पूड, काही दिवस तेवढंच मक्याचं पीठ. कोको यासाठी की त्या पुडीला एक कुबट वास येतो, तो दबला पाहिजे. वाट्या मी मिसळायचो, चिठ्ठी कपाटात बंद. तीन-तीन दिवसांच्या चार फेऱ्या, मधे चार दिवस मोकळे. तिने फक्त रोज रात्री त्रासाला शून्य ते दहा गुण द्यायचे.

दुसऱ्या फेरीत ती पोटावर गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपली. नऊ गुण. म्हणाली, "हे ग्लुटेनच आहे, चिठ्ठी उघडायचीही गरज नाही." ते मक्याचं पीठ होतं. ग्लुटेनच्या दोन्ही फेऱ्यांत दोनच्या वर गुण गेले नाहीत.

चिठ्ठी दाखवल्यावर दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पण दुखत तर होतं ना?" दुखत होतंच, मी डोळ्यांनी बघितलंय. ती आजही गहू खात नाही आणि मी आता विचारत नाही.

खडूस_कारकून
तुमच्या धाडसाला सलाम. प्रयोगासाठी नाही, चिठ्ठी दाखवली यासाठी.

सावरी
वाट्या तुम्हीच मिसळल्या आणि समोर तुम्हीच बसलात. तुमचा चेहरा काय लपतो काय? शास्त्रात देणाऱ्यालाही माहीत नसावं लागतं. शिवाय बारा वाट्यांवरून कसले निष्कर्ष काढता!

दोन_वाट्या
बरोबर आहे. पण माझा चेहरा बघून ओळखलं असतं तर बरोबर ओळखायला हवं होतं.

मधली_सुट्टी
कृपा करून, आधी सीलिॲकची तपासणी न करता कोणी हे घरी करू नका.

आणि हौशी लोकांबद्दल एकदा बोलून घेते. ग्लुटेन-फ्रीची हवा आली म्हणून मला आज ब्रेड मिळतो, त्याबद्दल आभार. पण शुक्रवारी "ग्लुटेन चालत नाही" म्हणणारा माणूस शनिवारी वाढदिवसाचा केक खातो, आणि ते वाढणारा बघत असतो. मग मी सांगितलं की तो हसून विचारतो, "थोडं चाललं तर चालेल ना?" नाही चालत. माझा टोस्टर वेगळा आहे. ग्लुटेन-फ्री लिहायला आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. त्यात "थोडं" बसत नाही.

गव्हावर बोट ठेवलं ते विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार होती, पाव मिळेना, आणि सीलिॲक असलेली मुलं पाव नसताना सावरली, पुन्हा पाव आल्यावर पडली. १९५० मध्ये त्यांनी प्रबंध लिहिला. म्हणजे आमच्यासाठी ही फॅशन नव्हती कधीच.

पीठमीठ
एक राहिलंच. पाकिटातलं ग्लुटेन-फ्री म्हणजे आपोआप पौष्टिक नव्हे. बहुतेक पाकिटांच्या मागे बटाट्याचा, मक्याचा, टॅपिओकाचा स्टार्च आणि वर साखर. फायबरच्या नावाने शून्य. मी चार महिने तेच खाल्लं, पोट फुगायचं थांबलं आणि साफ व्हायचंही थांबलं. अमेरिकेत एक लाखाहून जास्त आरोग्य कर्मचाऱ्यांवर २६ वर्षं नजर ठेवून २०१७ मध्ये निष्कर्ष आला, की ग्लुटेन जास्त खाणाऱ्यांना हृदयविकार जास्त होतो असं नाही. उलट कारण नसताना सोडणाऱ्यांच्या ताटातून अख्खी धान्यं जातात, ती काळजी वेगळीच.

अर्धा_डबा
मी अनुभव सांगायला आलो होतो, उलटतपासणीला नाही. असो. मला काय करावं लागेल ते कोणीतरी सरळ सांगा. कांदा-लसूण मी पूर्वीसारखाच खातो, काही होत नाही. त्यामुळे ते रेड्या-पखालीचं मला पटलेलं नाही.

गणिताची_वही
कांद्याचा मुद्दा तुमच्या बाजूने जातो, हे मान्य.

मधली_सुट्टी
दोन वाटा आहेत. एक, सहा ते आठ आठवडे रोज ग्लुटेन खायचं, पावाचे दोन स्लाइस तरी, आणि मग रक्ताची तपासणी. ती पॉझिटिव्ह आली तर बहुधा दुर्बिणीतून अस्तराचा तुकडा काढून तपासायचा. हे डॉक्टरांच्या नजरेखाली. दुसरी वाट, आधी एचएलए डीक्यू२-डीक्यू८ ही जनुक तपासणी. तिला काही खावं लागत नाही. दोन्ही नसतील तर सीलिॲक जवळजवळ नाहीच, विषय संपला.

अर्धा_डबा
तीन आठवड्यांनी सांगायला आलोय. जनुक तपासणी केली. डीक्यू२ आहे.

सावरी
बघा! मी म्हणत होते!

गणिताची_वही
थांबा. ते जनुक ३० ते ४० टक्के लोकांत सापडतं. त्यातल्या फार थोड्यांना आजार होतो. "नाही" आलं असतं तर उत्तर मिळालं असतं. "आहे" म्हणजे प्रश्न तिथेच.

अर्धा_डबा
डॉक्टरही हेच म्हणाले. म्हणजे सहा आठवडे रोज दोन स्लाइस. गेल्याच आठवड्यात पट्ट्याला आतल्या बाजूने नवीन भोक पाडून आणलंय. तोंड येईल, डोक्यात कापूस येईल, आणि शेवटी कळेल की काहीच नव्हतं. किंवा होतं. ऑफिसात या महिन्यात मोठं काम आहे, ते झालं की सुरू करतो.

खडूस_कारकून
म्हणजे करणार नाही.

अर्धा_डबा
पाव आणून फ्रीजरमध्ये ठेवलाय. अजून पाकीट फोडलेलं नाही.