प्रति: जॉर्जियन घर म्हणजे सगळं क्रीम कलरच का?

अजिबात नाही हो. ब्रिटनमधल्या जॉर्ज राजांच्या काळातल्या, म्हणजे १७१४ ते १८३० च्या या घरांत मटारी हिरवा, फिकट निळा, दगडी करडा असे रंग सर्रास असत. इंग्लंडच्या बाथ शहरातल्या रॉयल क्रेसेंट या घरांच्या कमानदार ओळीतलं १ नंबरचं घर संग्रहालय म्हणून जपलंय, त्याचे फोटो बघा.

भिंतीवरच्या आडव्या लाकडी पट्टीला या चर्चेत आधी कुणी ‘नुसती शोभा’ म्हटलंय, ते पटलं नाही. तेव्हा काम झालं की खुर्च्या भिंतीला लावून ठेवत. खुर्चीची पाठ घासून गिलावा खरवडू नये म्हणून पट्टी त्याच उंचीवर.

आणि जड पडद्यांचे थरावर थर? ते नंतरच्या राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं प्रकरण! जॉर्जियन घरांत आतून घडीची लाकडी झडपं, दिवसा खिडकीच्या कडेच्या खोबणीत गडप. आरसा मात्र मोठा घ्या, दोन खिडक्यांच्या मधोमध. मेणबत्त्यांचा उजेड दुप्पट करायची तीच युक्ती होती.