मदत हवी आहे: झणझणीत जेवणासोबत कोणती जर्मन वाइन ठेवू?

मंडळी, नमस्कार. मी फ्रँकफुर्टला राहते. मे महिन्यात पुण्याहून दादा-वहिनी येताहेत. इथली रीसलिंग ही पांढरी वाइन मला फार आवडते, म्हणून एका रात्रीचं जेवण तिच्यासोबत करायचं मनात आहे. बेत असा: तळलेली सुरमई, कोळंबीचं कालवण, मटणाचा रस्सा, भात. दादा नाशिकची रेड वाइन घेतो, गोड म्हटलं की नाक मुरडतो. वहिनीला तिखट चालतं, पण वाइन हलकी हवी.

मोझेल नदीकाठच्या रीसलिंगच्या दोन बाटल्या आणल्यात. दोन्हींवर श्पेटलेझ लिहिलंय. एकीवर पुढे ट्रोकन आहे आणि अल्कोहोल साडेबारा टक्के. दुसरीवर ट्रोकन नाही, अल्कोहोल आठच टक्के. एवढा फरक कशामुळे? कोणती कशासोबत देऊ? किती थंड? मागे एका बाटलीच्या बुचाला खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे पांढरे कण चिकटले होते, ती खराब होती का? आणि मटणासोबत जर्मन रेड कुठली घेऊ?

प्रतिसाद १

ताई, श्पेटलेझवरून कळतं ते द्राक्षं काढताना त्यांत किती साखर भरली होती एवढंच. बाटलीत किती उरली, ते त्यावरून कळत नाही. आंबताना साखरेचं अल्कोहोल होतं. साडेबारावालीत ती जवळजवळ सगळी संपली. ट्रोकन म्हणजे कोरडी, गोड नसलेली; तिच्यात लिटरला जास्तीत जास्त 9 ग्रॅम साखर चालते. आठवालीत आंबणं मध्येच थांबवलंय, म्हणजे ती गोड. लेबल कळेना तर आधी अल्कोहोलचा आकडा बघायचा, मी दुकानात हेच करतो.

सुरमईला ट्रोकन द्या, दादा खूश होतील. कालवणाला मात्र आठवालीच. जास्त अल्कोहोलने मिरची आणखी झोंबते, थोड्या गोडीने निवते. शिवाय मोझेलच्या रीसलिंगला आंबटपणा इतका छान असतो की ती गोडी जिभेवर चिकटून राहत नाही. दादांना आधी काही सांगू नका, कालवणाच्या घासाबरोबर एक घोट घेऊ द्या. इतकी गोड नको वाटली तर फाइनहेर्ब लिहिलेली बघा, ती मधली.

दोन्ही 8 ते 10 अंशांवर. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा, अगदी बर्फगार असेल तर वासच येत नाही. ग्लास एकतृतीयांशच भरा.

पांढऱ्या कणांची काळजी नको. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक ते, थंडीत जमतात, अपाय काही नाही.

मटणाला श्पेटबुर्गुंडर, म्हणजे पिनो न्वार. आर किंवा बाडेन या वाइनच्या प्रदेशांतली घ्या आणि 15 अंशांच्या आसपास द्या. मे महिन्यातल्या खोलीत ठेवलेली असेल तर आधी थोडा वेळ फ्रिज दाखवा. रस्सा कोल्हापुरी असेल तर मात्र पातळ, साधी श्पेटबुर्गुंडर बरी, लाकडी पिंपात मुरवलेली भारी बाटली तिखटात वाया जाईल.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. सकाळी वेळ असेल तर पाहुण्यांना ऱ्हाइनगाऊ या वाइनच्या प्रदेशात श्लोस योहानिसबेर्ग या द्राक्षमळ्याच्या वाड्यावर न्या, फ्रँकफुर्टहून जवळ आहे. 1775 साली द्राक्षं काढायची परवानगी घेऊन येणारा घोडेस्वार उशिरा पोचला, तोवर द्राक्षांवर बुरशी चढली, आणि त्यांचीच वाइन अफलातून निघाली, अशी तिथली गोष्ट आहे. अंगणात त्या स्वाराचा पुतळा आहे. तिथे चाखून दादांना जी रुचेल तीच जेवणाला घ्या. गोड बाटली उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये चारेक दिवस सहज टिकते.