सासूबाईंना बघणं आणि सासूबाईंचं बघणं

सूनबाई (अशोक चौक, सोलापूर):
एका शब्दासाठी मदत हवी आहे. सासूबाईंनी उभा जन्म विड्या वळल्या आणि दातांना मिशरी लावली. तीन वर्षांपूर्वी गालात आतून गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे 'लाईट', म्हणजे कॅन्सरवरचे किरणोपचार. आता त्या बऱ्या आहेत. तोंड पुरतं उघडत नाही म्हणून रोज सकाळी आइस्क्रीमच्या काड्यांची चवड दातांत धरून व्यायाम करतात. सुरुवातीला आठच काड्या बसायच्या, परवा अठरा बसल्या!

आमच्या भागात आता अशा घरांची महिन्यातून एकदा बैठक घेतो. ती आजाऱ्यांची नाही, त्यांच्यामागे राबणाऱ्यांची. पत्रकावर त्यांना काय म्हणू? 'केअरगिव्हर' कुणाच्या तोंडी नाही. 'काळजीवाहू' म्हटलं की मंत्रिमंडळ आठवतं. दवाखान्यात तर मी नुसती 'नातेवाईक' होते.

निवृत्त शिक्षक:
'शुश्रूषा' आहेच. मूळ धातू श्रु, म्हणजे ऐकणे. त्याचं इच्छार्थक रूप शुश्रूषा, म्हणजे ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्यातून आला. बोलीतला शब्द हवा असेल तर 'उस्तवार'. आजाऱ्याची करतात, बाळंतिणीची करतात, गुरांचीही करतात. माझ्या आईच्या तोंडी तो रोज असायचा, हल्ली कानावर पडत नाही याचं वाईट वाटतं.

सूनबाई:
सर, ऐकण्याची इच्छा हे वाचून डोळे भरून आले. नाकात नळी होती तेव्हा सासूबाईंना बोलता येत नव्हतं. चमच्याने वाटी वाजवायच्या. एकदा वाजवली की कूस बदलायची, दोनदा वाजवली की नळीतून पेज द्यायची. रात्रभर मी त्या वाटीकडे कान लावून असायचे. पण पत्रकावर 'शुश्रूषक' छापलं तर बायका नर्सची भरती समजतील.

बार्शीकर:
देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 साली आमच्या बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतल्या गावोगाव माणसं जाऊन विचारपूस करायची, कारण खेड्यातला आजारी आपणहून दवाखान्याच्या कागदावर येईलच असं नव्हतं. रोगाचं नाव घ्यायला लोक कचरतात, 'तसला आजार' म्हणतात. पण "घरात त्यांचं कोण बघतं?" असं विचारा, लगेच उत्तर मिळतं. माझं मत 'बघणारे'.

पूर्व भागातला विणकर:
आमच्या घरी तेलुगू. सांभाळण्याला आम्ही 'चूसुकोवडम' म्हणतो, त्यातला 'चूसु' म्हणजे बघ. शेजारी कानडी घर आहे, त्यांचं 'नोडिकोळ्ळु', त्यातही 'नोडु' म्हणजे बघ. सोलापुरातल्या तिन्ही भाषा आजाऱ्याकडे बघतातच.

निवृत्त शिक्षक:
फार सुंदर! पण नुसतं 'बघणारे' लिहू नका, 'बघे' वाटतील. मराठीत इथे सगळी मदार विभक्तीवर आहे. 'सासूबाईंना बघायला' येतात ते पाहुणे. मोसंबी ठेवतात, कुणाला कसा गुण आला ते सांगतात, चहा घेऊन जातात. 'सासूबाईंचं बघते' ती सून. 'ना' च्या जागी 'चं' आलं की औषधाच्या वेळा, अंथरूण, हिशेब, जागरण सगळं त्यात येतं. कशाचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

सूनबाई:
ठरलं. 'घरच्या आजाऱ्याचं बघणाऱ्यांची बैठक' असं लिहून सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी बोटाने थांबवलं. "घरच्या काढ. पलीकडची रोज माझं बघायला येत हुती, ती काय घरची हाय व्हय?"

काढलं. पत्रक उद्या छापायला देते.