कार्बन फायबर ट्रायपॉड : खोक्यावरचे किलो वाचून दणकटपणा ठरवणाऱ्यांसाठी

तिरका_कोन
'हातोहात' यांचा सल्ला दोनदा वाचला. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा डोक्यात तिडीक गेली. म्हणे, "बॉडीतच स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवायची सोय) आलंय, ट्रायपॉड हवाय कशाला? घ्यायचाच तर कार्बन फायबरचा पाच सेक्शनवाला, म्हणजे पायात एकात एक सरकणाऱ्या पाच नळ्या असलेला घ्या, सॅकमध्ये मावतो. खोक्यावर 15 किलो पेलतो असं लिहिलंय म्हणजे दणकटच."

आधी त्या 15 किलोंचं बघू. हा आकडा कसा काढायचा याचा सगळ्यांना लागू असा नियमच नाही. कुणी हात राखून लिहितं, कुणी ट्रायपॉड कोसळत नाही तोवरचं सगळं वजन छापून मोकळं होतं. आणि कॅमेरा पेलतो की नाही हा प्रश्नच नाही हो, थरथरतो किती हा प्रश्न आहे. 24 मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा (36 × 24 मिमी सेन्सरचा) घ्या. एक पिक्सेल साधारण 6 मायक्रॉनचा. त्यावर 400 मिमीची लेन्स लावली की कॅमेऱ्याचा रोख 3 आर्कसेकंदांनी (एक अंश म्हणजे 3600 आर्कसेकंद) ढळला तरी चित्र एक पिक्सेल सरकतं. म्हणजे 10 सेंमीच्या लेन्स फूटचं (लेन्स ट्रायपॉडवर बसवायच्या पट्टीचं) एक टोक दीड मायक्रॉन वर उचललं गेलं की झालं! डोक्यावरचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो. लावा आता हिशोब.

दणकटपणा येतो नळीच्या व्यासातून. भिंतीची जाडी तेवढीच ठेवून व्यास वाढवला तर ताठपणा व्यासाच्या घनाच्या पटीत वाढतो. 28 मिमीच्या जागी 32 घेतला की जवळपास दीडपट, 36 घेतला की दुपटीच्या वर. पाच सेक्शनवाल्याचा शेवटचा पाय बोटाएवढा असतो, त्याच्यावर सगळा डोलारा. कार्बनचा मोठा उपयोग हा की असा जाड नळ्यांचा ट्रायपॉड खांद्यावर घेऊन चालता येतं. कार्बन घ्यायचा आणि वर काडीपैलवान निवडायचा, तर मग कार्बन घेतलाच कशाला?

हातोहात
माझं वाक्य अर्धवट उचलून ठोकलंत, छान. मी पायी फिरणाऱ्यांसाठी लिहिलं होतं. तुमचा 32 मिमीवाला भीम पहिल्या चढाला हवाहवासा वाटतो आणि तिसऱ्या चढाला गाडीत राहतो. माझा काडीपैलवान निदान माझ्यासोबत असतो. रुंद कोनाच्या लेन्सवर मी हातात धरून एक सेकंद शटर उघडं ठेवून फोटो काढलेत, दगडाला टेकून दोन सेकंद ठेवूनही. 400 मिमीची गोष्ट काढली कुणी? तुम्हीच काढलीत आणि तुम्हीच जिंकलात.

ओला_पाय
एक सेकंद जमतो हो दादा. तीस सेकंद धरून दाखवा. पॅनोरमा, ब्रॅकेटिंग (एकच दृश्य कमीजास्त उजेडात टिपणं), फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडणं), ताऱ्यांच्या रेघा, यातलं काय टेकून होणार आहे?

पण तुम्ही दोघं नळ्या मोजत बसलात आणि ट्रायपॉड जिथून खरा बिघडतो ते राहिलंच : लॉक. मी आठ वर्षं ट्विस्ट लॉक (पिळून घट्ट करायचा) वापरतेय. आम्ही ओढ्यात उभ्या राहणाऱ्या माणसांनी फ्लिप लॉक (लिव्हर दाबून बंद करायचा) घेऊ नये. लिव्हर डहाळीत अडकतात, दोरीत अडकतात, एकदा माझ्याच बुटाच्या नाडीत अडकली होती. ट्विस्ट लॉक वाळूत गेला तरी पूर्ण उघडून धुता येतो.

चिमटा
आठ वर्षांत किती वेळा "घट्ट केला होता ना?" असं स्वतःला विचारलंत, ते पण लिहा की ताई. फ्लिप लॉक लांबून दिसतो, उघडा की बंद. ट्विस्टवाल्याला चार सेक्शन असले तरी नऊ गाठी पिळून बघाव्या लागतात. अंधारात, बोटं गारठलेली, पहाटेचे चार. मी तेव्हा ट्विस्टवाला होतो. एका पायाची खालची गाठ अर्धीच पिळली गेली होती. पाय एकदम घसरला नाही, हळूहळू बसत गेला. पाणी पिऊन वळलो तर सगळं एका बाजूला नमस्कार घालत होतं. लेन्सचं पुढचं रिंग चेपलं, अडकलेला फिल्टर आजतागायत निघालेला नाही. त्या दिवसापासून फ्लिप.

ओला_पाय
म्हणजे तुम्ही पिळलं नाही आणि दोष लॉकचा.

चिमटा
जे यंत्र झोपेतल्या माणसाला फसवतं ते वाईट यंत्र. सूर्योदयाचे फोटो जागी माणसं काढत नाहीत.

शुद्धमती
मूळ विषयात पडत नाही. पण 'ट्रायपॉड' का? मराठीत तिपाई हा इतका सुंदर शब्द असताना?

तिरका_कोन
तिपाईवर समई ठेवतात. खरा शब्द हवा असेल तर तिकटी म्हणा, पूर्वी गुन्हेगारांना तिला बांधून फटके द्यायचे. सेंटर कॉलम (मधला वर सरकणारा दांडा) डोक्याएवढा वर काढून फोटो काढणाऱ्यांसाठी तीच योग्य.

हातोहात
टोमणा पोचला. माझ्या सेंटर कॉलमवर घसरायचं कारण नव्हतं.

रानवाट
लॉकवरून भांडताय तर एक मला विचारायचंय. धुवायला म्हणून मी ट्विस्ट लॉक उघडला. नळी बाहेर आली आणि आतून प्लास्टिकच्या दोन अर्धगोल पट्ट्या टपकन चिखलात पडल्या. एक सापडली, दुसरी नाही. आता तो पाय घट्टच होत नाही. हे "पूर्ण उघडून धुता येतं" म्हणणारे लोक ही गोष्ट आधी का सांगत नाहीत?

ओला_पाय
कारण बादलीवर उघडायचं असतं! बरं, चुकलं माझं, सांगायला हवं होतं. त्या पट्ट्यांना एका बाजूला बारीक गोळ्या असतात, त्या नळीच्या भोकात बसवायच्या, मग नळी आत सारायची. सुटी जोडी बहुतेक कंपन्या विकतात. कागदाच्या घड्या घालून काम चालवू नका, ओली झाली की लगदा होतो. खाऱ्या पाण्यातून आलात तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. कार्बनला काही होत नाही, पण सांध्यातलं ॲल्युमिनियम कार्बनला टेकून खाऱ्या पाण्यात भिजत राहिलं की ते गंजून खाल्लं जातं.

चिमटा
वा. म्हणजे बादली, सुट्या पट्ट्या, गोडं पाणी. माझ्या फ्लिप लॉकला एक ॲलन की (षटकोनी टोकाची किल्ली) लागते. वर्षातून दोनदा बोल्ट आवळतो.

ओला_पाय
आणि ती किल्ली नेमकी घरी राहते. जाऊ दे, तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

चिमटा
भिंत तरी डगमगत नाही, तुमच्या खालच्या पायासारखी.

घट्ट_माती
वाद लॉकवर गेला म्हणून मुद्दाम लिहितो. कार्बनवाल्यांनो, नळी मोडत नाही, डिंक सोडतो. नळी वरच्या ॲल्युमिनियमच्या खांद्यात इपॉक्सीने चिकटवलेली असते हे किती जणांना माहीत आहे? माझा ट्रायपॉड दिवसभर उन्हात बंद गाडीत होता. संध्याकाळी पाय उघडला तर नळी खांद्यातून सुटून हातात आली, सांध्यात पिवळट पापुद्रा. कंपनीने "वापर चुकीचा" म्हणून हात झटकले. गाडीत ट्रायपॉड ठेवणं चुकीचं, तर मग ठेवायचा कुठे, मांडीवर? आता ॲल्युमिनियम वापरतो. पोचा आला तरी तो दिसतो, काम चालतं. कार्बनला तडा गेला तर भार पडेपर्यंत पत्ताच लागत नाही.

तिरका_कोन
डिंकाचं खरं आहे, तिथे तुम्हाला अडवत नाही. नवीन घेतला की प्रत्येक नळी खांद्यात धरून पिळून बघावी, किंचितही फिरली तर परत करावी. पण ॲल्युमिनियम? थंडीत उघड्या हाताने धरून बघा. शिवाय तेवढ्याच वजनात कार्बनची नळी जास्त ताठ मिळते आणि थरथर लवकर विझते.

घट्ट_माती
थरथर विझवायची तर लाकूड घ्या. ॲश लाकडाचे ट्रायपॉड अजून बनतात, दुर्बिणवाले डोळे झाकून घेतात. पण ते सॅकला लटकवून मिरवता येत नाहीत ना.

रानवाट
मध्येच विचारतो, वारा असला की सेंटर कॉलमच्या हुकाला सॅक लटकवू का? कुणी म्हणतं लटकव, कुणी म्हणतं नको.

तिरका_कोन
लटकवा, पण ती हवेत झोके घेता कामा नये. वाऱ्यात डोलणारी सॅक म्हणजे तुम्ही स्वतःच थरथर जोडून दिलीत. खाली जमिनीला टेकेल, पण पट्टा ताणलेला राहील एवढी दोरी ठेवा. आणि ताठपणा तपासायचाच असेल तर आकडे वाचू नका. लांब लेन्स लावा, लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं चालू चित्र) दहापट मोठा करा, पायावर टिचकी मारा आणि चित्र स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते मनात मोजा. मग एकेक सेक्शन आत घेऊन तेच करा. सगळ्यात खालचा बारीक सेक्शन बंद केला की फरक डोळ्यांनी दिसतो.

हातोहात
केलं. आत्ताच, गॅलरीत. 200 मिमी लावून. पाचही सेक्शन बाहेर, टिचकी मारली, सात मोजेपर्यंत चित्र हलत होतं. खालचे दोन बंद केले तर तीनात थांबलं. कॉलम खाली घेतला तर दोनात.

तुमचं बरोबर होतं असं म्हणणार नाही. एवढंच म्हणतो की खालचे दोन सेक्शन यापुढे उघडणार नाही.

तिरका_कोन
म्हणजे तुमचा पाच सेक्शनवाला आता तीन सेक्शनवाला झाला. अभिनंदन. उंची किती उरली?

हातोहात
कमरेपर्यंत. वाकून काढीन. पाठ माझी आहे.

चिमटा
लॉक कुठले आहेत?

हातोहात
ट्विस्ट.

चिमटा
बघा, सहा गाठी पिळायच्या वाचल्या.