वेंगरनी पैसा सोडला नाही: धोरण की हट्ट?

खणभागकर:
सांगलीतल्या आर्सेनलवाल्यांत, म्हणजे लंडनच्या या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांत, एक वाक्य दर हंगामात ऐकू येतं. "डेक्लन राइसला १० कोटी पौंड मोजले, यातले निम्मे जरी वेंगरना मिळाले असते तर..." आणि सगळे माना डोलावतात. वेंगर म्हणजे १९९६ ते २०१८ बावीस वर्षं आपले व्यवस्थापक. मला हे अर्धंच पटतं, म्हणून धागा काढतोय.

जे पटतं ते आधी. २००६ मध्ये ३८ हजार प्रेक्षकांचं हायबरी मैदान सोडून आपण ६० हजारांच्या एमिरेट्सवर आलो. खर्च ३९ कोटी पौंड, त्यातला मोठा भाग कर्जाचा. हातात पैसा लवकर यावा म्हणून २००४ मध्येच एमिरेट्स विमान कंपनीशी १० कोटींचा करार केला: मैदानाला १५ वर्षं नाव, शर्टावर ८ हंगाम. नंतर मँचेस्टर युनायटेड, चेल्सी नवेनवे करार वाढवून घेत राहिले आणि आपण जुन्या भावात अडकून पडलो. चेल्सीत २००३ पासून अब्जाधीश मालक अब्रामोविच, मँचेस्टर सिटीत २००८ पासून अबुधाबीचा पैसा. अशा काळात हा माणूस संघाला दरवर्षी पहिल्या चारात ठेवत होता. त्याबद्दल वेंगरना कोणी नावं ठेवली तर मी भांडायला उभा राहीन.

पण २०१३ नंतर काय? शर्टाचा नवा करार झाला होता, २०१४ पासून किट बनवणाऱ्या प्युमाकडून वर्षाला ३ कोटी येणार होते, ओझिलला ४ कोटी २५ लाख देऊन आणलंच होतं. बँकेत २० कोटींच्या वर रोख पडून होती. आणि २०१५ च्या उन्हाळ्यात आपण घेतला कोण? पीटर चेक. गोलकीपर. त्याच्यापुढं खेळणारा एकही माणूस घेतला नाही.

त्या हंगामात चेल्सी दहावा आला, लिव्हरपूल आठवा, युनायटेड पाचवा, सिटी चौथा. असा हंगाम पुन्हा मिळत नाही. नोव्हेंबरात कोक्लँ आणि काझोर्ला दोघंही जायबंदी झाले आणि मधली फळी उघडी पडली. तरी १४ फेब्रुवारीला वेलबेकनं ९५ व्या मिनिटाला हेडर मारून पहिल्या नंबरवरच्या लेस्टरला २-१ नं हरवलं, अंतर दोन गुणांवर आलं. मग युनायटेडकडून हार, घरी स्वान्सीकडून हार. जिरूनं जानेवारीच्या मध्यानंतर मे उजाडेपर्यंत लीगमध्ये एक गोल केला नाही आणि त्याच्या जागी उभा करायला तोलामोलाचा स्ट्रायकर नव्हता. शेवटी लेस्टर ८१, आपण ७१. याला मी हट्टच म्हणतो.

हरिपूरकर:
बाळा, तळमळ कळते. पण तू एका हंगामावरून बावीस वर्षांचा हिशेब मांडतोयस.

वेंगर अर्थशास्त्र शिकलेला माणूस. अनेल्का ५ लाखांत आणला, दोन वर्षांत रेआल माद्रिदला २ कोटी ३० लाखांना विकला. त्यातून सरावाचं नवं मैदान उभं राहिलं आणि ऑन्री आला. कोलो टुरे दीड लाखात. सोल कॅम्पबेल तर टॉटनहॅमकडून फुकट. यातले तिघं २००३-०४ मध्ये एकही लीग सामना न हरलेल्या संघात होते. खर्च न करणं ही त्याची कंजुषी नव्हती, ती त्याची नजर होती.

आणि उधळणाऱ्यांचं काय झालं तेही बघ. लीड्स २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत, २००४ मध्ये खालच्या लीगमध्ये. पोर्ट्समथनं २००८ मध्ये एफए कप जिंकला आणि २०१० मध्ये दिवाळखोरीच्या दारात उभं राहून खाली गेला. आमच्या गावात हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं होती. हळद पेवात घातली की व्यापाऱ्याला घाईनं विकावी लागायची नाही, पडत्या भावात कोणापुढं हात जोडायची वेळ यायची नाही. वेंगरनी क्लबसाठी तेच केलं.

मिरज जंक्शन:
काका, मला २०१५ पर्यंत जायचीसुद्धा गरज वाटत नाही. २००७-०८ घ्या. फेब्रुवारीत आपण पाच गुणांनी पुढं. संघ लहान, पोरं तरुण, हे आंधळ्यालाही दिसत होतं. जानेवारीत माणूस वाढवायचा सोडून लासाना डियाराला पोर्ट्समथला विकलं. २३ फेब्रुवारीला बर्मिंगहॅममध्ये आपला स्ट्रायकर एडुआर्डोचा पाय मोडला. शेवटच्या क्षणी पेनल्टीवर बरोबरी झाली आणि कर्णधार गॅलास मैदानातच बसून राहिला. संघ तिथंच खचला. चार गुणांनी लीग गेली.

एक स्ट्रायकर, एक अनुभवी बचावपटू. एवढंच पाहिजे होतं. कर्ज होतं म्हणता, पण त्या जानेवारीत खेळाडू विकायची सक्ती कर्जानं केली होती का?

कुपवाडची गनर:
तुम्ही दोघंही सगळं वेंगरच्या एकट्याच्या माथी मारताय. क्लबचे तेव्हाचे उपाध्यक्ष डेव्हिड डीन यांचं नाव या धाग्यात अजून कोणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं. वेंगरनी खेळाडू हेरायचा आणि डीननी जाऊन सौदा तडीस न्यायचा, अशी ती जोडी होती. एप्रिल २००७ मध्ये संचालकांशी बिनसून डीन बाहेर पडले आणि ती जागा तशी कधीच भरली नाही. २०१३ मध्ये लिव्हरपूलच्या सुआरेझसाठी क्लबनं काय केलं आठवतंय? ४ कोटी आणि वर एक पौंड. त्याच्या करारातल्या ४ कोटींच्या कलमाचा अर्थच नीट लागला नव्हता, लिव्हरपूलनं सरळ नाही म्हटलं आणि सुआरेझनं त्या हंगामात लीगमध्ये ३१ गोल केले. वेंगरना खेळाडू नको होता असं नाही, सौदा करणारं कोणी नव्हतं.

आणि मालक? क्रोंके यांनी खेळाडू घ्यायला स्वतःच्या खिशातून पैसे घातले का? इंग्लंडातली सगळ्यात महाग सीझन तिकिटं तेव्हा आपली होती. तो पैसा चाहत्यांचा होता. जो माणूस मालकाची ढाल झाला, लोकांच्या शिव्या त्यालाच खाव्या लागल्या.

मिरज जंक्शन:
ताई, ढाल व्हायला कोणी सांगितलं होतं? दर पत्रकार परिषदेत "योग्य खेळाडू मिळाला तर घेऊ" हे वेंगरच म्हणायचा ना. सगळे अधिकार स्वतःकडं ठेवले, तर जबाबदारीही स्वतःकडं येते.

२०११ चं सांगतो. गणपतीच्या आधीचा रविवार. आमच्या मंडळाचा मांडव घालायचं काम चाललं होतं, वासे बांधून झाले होते. बाजूच्या घरात टीव्हीवर ओल्ड ट्रॅफर्डवरची युनायटेडविरुद्धची मॅच. फाब्रेगास आणि नासरी गेलेले, त्यांच्या जागी कोणी घेतलेलं नाही. कोक्लँची लीगमधली पहिलीच मॅच, जेन्किन्सनला लाल कार्ड. पोरं शिडीवरून ओरडून स्कोअर विचारत होती, पाचवा गोल झाल्यावर विचारायचं बंद झाली. ८-२. आणि मग तीन दिवसांत, गणपती बसायच्या आत पाच खेळाडू: मर्टेसाकर, आर्टेटा, सांतोस, पार्क आणि उसना बेनायून. पैसे होते ना? मग जूनमध्ये का नाही काढले? आठ गोल खाल्ल्यावरच का?

हरिपूरकर:
त्या पाचांतला मर्टेसाकर पुढं कर्णधार झाला, आर्टेटा आज संघ चालवतोय. घाईतला सौदा इतका वाईट नव्हता.

मिरज जंक्शन:
दोघं चांगले निघाले हे मान्य. त्यामुळं तर जास्त राग येतो. बाजारात माणसं होती, बघायला गेलं कोणी नाही.

गावभाग:
मध्येच बोलतो. "खर्च केला नाही" हेच मुळात चुकीचं आहे. पगार बघा. वेंगरना संघात सगळ्यांना साधारण सारखं मानणं आवडायचं, म्हणून डेनिल्सन, बेंटनर, स्किलाची, शमाख, पार्क यांना इतका पगार बांधून दिला की दुसरा कोणी क्लब त्यांना घेईना. पगाराच्या एकूण खर्चात आपण लीगमध्ये वरच्या चार-पाचांत होतो. पैसा गेला, फक्त बाकावर बसणाऱ्यांवर गेला. तिकडं फान पर्सीला २०१२ मध्ये युनायटेडला विकलं आणि एप्रिल २०१३ मध्ये आपल्याच मैदानावर आपल्याच पोरांनी दोन रांगा करून त्याला लीगचा विजेता म्हणून टाळ्या वाजवल्या. मी ते टीव्ही बंद करून टाळलं नाही, पूर्ण बघितलं. तो राग अजून गेलेला नाही.

खणभागकर:
गावभाग, पगाराचा मुद्दा शंभर टक्के बरोबर.

हरिपूरकर काका, पेवाचं तुम्ही काढलंत म्हणून. पेवात हळद घालतात ती भाव आला की काढायलाच. शिवाय २००५ च्या महापुरात तुमच्या गावातल्या पेवांची काय गत झाली ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. फुटबॉलमध्येही पाणी चढत होतं. २०१६ पासून तीन वर्षांच्या टीव्ही हक्कांचे ५१३ कोटी पौंड लीगला मिळणार हे २०१५ च्या फेब्रुवारीतच जाहीर झालं होतं. म्हणजे वर्षभरात प्रत्येक क्लबच्या हातात पैसा येणार आणि खेळाडूंचे भाव भडकणार हे उघड होतं. २०१६ मध्ये पोग्बा ८ कोटी ९० लाखांना गेला, २०१७ मध्ये नेमार २२ कोटी २० लाख युरोला. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसानं महागाईच्या आदल्या वर्षी रोख धरून बसावं, हे मला समजत नाही.

आणि ताई, सौदा करणारा नव्हता म्हणता, तर जानेवारी २०१४ आठवा. त्या हंगामात १२८ दिवस आपण पहिल्या नंबरवर होतो. मदतीला कोण आणला? शेलस्ट्रॉम, उसना, आणि तोही पाठीच्या दुखापतीसकट. शेवटी चौथे आलो.

कुपवाडची गनर:
त्याच हंगामात हल सिटीविरुद्ध ०-२ वरून ३-२ नं एफए कप जिंकला, नऊ वर्षांनी. २०१५ आणि २०१७ चाही आणला. वेंगरचे एकूण सात. ते मोजायचे नाहीत का?

आणि खर्च केला की लीग येते हेही मला पटत नाही. आर्टेटाला मागेल तेवढं मिळालं, तरी २०२३, २०२४, २०२५ सलग तीनदा दुसरा नंबर.

माझा साधा प्रश्न आहे. २०१५ च्या उन्हाळ्यात नक्की कोणाला घ्यायला हवं होतं? नुसतं "स्ट्रायकर घ्या" नको, नाव सांग.

खणभागकर:
कान्ते.

ऑगस्ट २०१५ मध्ये लेस्टरनं त्याला फ्रान्सच्या काँ क्लबमधून साठ लाखांच्या आत नेला. आपल्याला मधल्या फळीत चेंडू हिसकावणारा माणूस हवा होता, कोक्लँ पडल्यावर तर हवाच होता. वेंगर स्वतः फ्रेंच, फ्रान्समधली पोरं हेरण्यावर त्यांचं नाव झालेलं. माहरेझही असाच, ल आव्रहून लेस्टरला आला तो किरकोळ रकमेत. ज्या संघानं आपली लीग नेली त्याचे दोन मोहरे वेंगरच्या अंगणातले होते.

हरिपूरकर:
मग बाळा, तू आरोप बदल. साठ लाखांचा खेळाडू न घेणाऱ्याला पैसा सोडत नाही असं म्हणता येत नाही. तितके तर वेंगरनी दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या पोरावर घातले. तू म्हणतोयस ते असं, की २०१५ पर्यंत त्याची नजर गेली होती किंवा त्याच्या हाताखालचे हेरणारे मागं पडले होते. त्यावर मी वाद घालणार नाही, घालायचा तर वेगळ्या धाग्यात घालू. पण तिजोरीच्या किल्लीवरून त्याला बोल लावू नकोस.

मिरज जंक्शन:
काका, दोन्ही एकाच माणसाचे गुण आहेत. स्वस्तात हिरा सापडेल म्हणून महागाचा नाकारायचा, आणि हिरा सापडणं बंद झालं तरी नाकारतच राहायचं. मी तरी दोन आरोप वेगळे करणार नाही. वेगळा धागा काढा, तिथंही येतो.