तालमीत पोरी नकोत, पण मेडल पाहिजे?

लालमाती: तालमीत मुलींना माती का नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: मारुतीची जागा आहे, पोरं लंगोटाची, म्हणजे ब्रह्मचर्य पाळणारी आहेत, लक्ष विचलित होतं. आता लंगोटाचा पक्का पैलवान शेजारी पोरगी सपाट्या मारतेय म्हणून ढिला होणार असेल, तर बंदी तिला कशाला? त्याला घरी पाठवा. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्य आणलं, त्यानंतर कुस्तीत महाराष्ट्राला ऑलिम्पिक पदक नाही. साक्षी मलिक हरियाणात रोहतकला पोरांशी लढत तयार झाली आणि २०१६ ला रिओत पदक घेऊन आली. आपल्याकडे महाराष्ट्र केसरी १९६१ पासून, बायकांची पहिली २०२३ ला सांगलीत!

वस्तादांचा चेला: साहेब, तालमीत मुक्काम केलाय का कधी? एका खोलीत सगळी पोरं वळकट्या टाकून झोपतात, पहाटे लंगोट लावून जोर मारतात, आंघोळ उघड्या हौदावर. मुलगी कपडे कुठं बदलणार? मॅटची सेंटरं आहेत की. मातीचाच हट्ट का?

लालमाती: राहायला कोण म्हणतंय? संध्याकाळी दोन तास द्या. हौदाला आडोसा बांधायचा खर्च एका जत्रेतल्या फटाक्यांएवढाही नसेल.

घुमकं: १९५४ ला हमीदा बानू ही बाई पैलवान पुरुषांना सांगायची, मला पाडा आणि लग्न करा. वडोद्यात बाबा पहिलवानाला दीड मिनिटात झोपवलं.

वस्तादांचा चेला: त्या कुस्त्या नुरा, म्हणजे आधीच ठरवलेल्या होत्या असं तेव्हाही बोललं जायचं.

घुमकं: असेलही. पण पुरुषांच्या जत्रेतल्या सगळ्या कुस्त्या खऱ्या असतात, हे मारुतीसमोर हात ठेवून सांगा.

पैलवानीणीची आई: माझी मुलगी ५० किलोत खेळते. माती मिळाली नाही तरी चालेल, जोड पाहिजे, म्हणजे सरावाला तोडीस तोड कुणीतरी. आमच्या भागात तिच्या वजनाच्या मुली नाहीत, म्हणून सेंटरवर मुलांशी धरते. तिनं एखाद्याला चितपट केलं की दुसऱ्या दिवशी तो येतच नाही. घरचेच चिडवतात, "पोरीनं पाडलं." आणि कानाचं ऐका. पोराचा कान रगडून सुजून मोडला की वस्ताद पाठ थोपटतात, पैलवान झाला म्हणतात. हिचा कान सुजला तर माझ्याच बहिणीनं विचारलं, आता लग्नाचं काय? डॉक्टरांनी सुईनं रक्त काढून पट्टी बांधली. ही तिसऱ्या दिवशी पट्टी सोडून मॅटवर.

वस्तादांचा चेला: ताई, मुलीला मानलं. पण दिल्लीत २०२३ ला जंतरमंतरवर लैंगिक छळाविरुद्ध महिला पैलवानांना धरणं धरावं लागलं, ते बघितलं ना? म्हणूनच म्हणतो, मुली वेगळ्या असलेल्या बऱ्या.

लालमाती: आरोप कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर होते, तालमीतल्या पोरांवर नाही. आणि मुलींची राष्ट्रीय शिबिरं वेगळीच, लखनौला होत होती. वेगळं ठेवून काय वाचलं? तक्रार ऐकणारं माणूस पाहिजे, तेही शक्यतो बाई.

पैलवानीणीची आई: हे खरं. सेंटरवर बाई कोच असली तर अर्ध्या आया निर्धास्त होतील. मला विचाराल तर आडोशाच्या आधी ते करा.

वस्तादांचा चेला: वस्तादांना विचारून बघतो. ते हो म्हणतील असं वाटत नाही, जुनी माणसं. आणि कोचला पगार कोण देणार? आमच्या तालमीचं लाईट बिल थकलंय, तुमच्या चर्चेला चहा पण आम्हीच पाजायचा का?