पृथ्वीवरचं पाणी इथलंच की बाहेरून आलेलं?

कुतूहल
मी विज्ञान शिकलेली नाही, पण हा प्रश्न बरेच दिवस डोक्यातून जात नाहीये. लहानपणी वाचलं होतं की पृथ्वी आधी तापलेला गोळा होती, मग तिच्यावर धूमकेतू आदळले, त्यांचा बर्फ वितळला आणि समुद्र भरले. आता हे पटेनासं झालंय. इतके समुद्र भरायला किती धूमकेतू लागले असतील? आदळतानाच्या उष्णतेने ते पाणी उडून नाही का जाणार? आणि साडेचार अब्ज वर्षांनंतर, अमुक पाणी अमुक ठिकाणचं, हे ठरवतात तरी कशावरून? पाण्यावर गावाचं नाव थोडंच लिहिलेलं असतं! मला वाटतं पाणी मुळात इथलंच असावं. चुकत असेन तर नीट समजावून सांगा.

उल्का
गावाचं नाव लिहिलेलं असतं, फक्त ते वाचायला उपकरण लागतं. हायड्रोजनचा एक जड प्रकार आहे, ड्युटेरियम. समुद्राच्या पाण्यात हायड्रोजनच्या दर दहा लाख अणूंमागे साधारण १५६ अणू ड्युटेरियमचे असतात. पाणी किती थंड जागी तयार झालं यावर हे प्रमाण बरंच अवलंबून असतं, म्हणून ते ओळखखूण म्हणून वापरतात.
१९८६ मध्ये जोत्तो यान हॅलेच्या धूमकेतूजवळून गेलं, तेव्हा हे प्रमाण समुद्राच्या जवळपास दुप्पट निघालं. रोझेटा यानाने २०१४ मध्ये ६७पी धूमकेतूपाशी मोजलं, तर ५३०. तिपटीहून जास्त! त्यामुळे धूमकेतूंची गोष्ट तुम्हाला पटत नाही हे बरोबरच आहे. पण 'इथलंच' हेही मला मान्य नाही. कार्बनयुक्त अशनींमध्ये, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांमध्ये, हे प्रमाण समुद्राच्या अगदी जवळ येतं. त्यांतल्या काहींच्या खनिजांत वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत पाणी बांधलेलं असतं. हे लघुग्रहांचे तुकडे. पाणी त्यांनीच आणलं.

शेंडेनक्षत्र
एका ६७पीवरून सगळे धूमकेतू बाद करणं अन्याय आहे. २०११ मध्ये हर्शेल दुर्बिणीने हार्टली-२ धूमकेतूचं प्रमाण मोजलं, ते १६१ आलं. म्हणजे समुद्राच्या पाण्याशी जवळपास जुळणारं. आणि ६७पीचीही २०२४ मध्ये फेरतपासणी झाली आहे. धूमकेतूभोवतीच्या धुळीमुळे जवळून घेतलेली मोजमापं फुगली होती, लांबून घेतलेली बरीच कमी येतात.
हवेतल्या झेनॉन वायूचा सुमारे २२ टक्के भाग धूमकेतूंकडून आला असावा, असंही रोझेटाच्याच मोजणीवरून निघालं आहे. अर्थात त्याच हिशेबाने समुद्राच्या पाण्यात त्यांचा वाटा फार थोडा पडतो, हे मी लपवत नाही. पण थोडा म्हणजे शून्य नव्हे.

खडकवेडा
मी कुतूहल यांच्या बाजूने. आधी मापाचा अंदाज घेऊ. समुद्र सरासरी पावणेचार किलोमीटर खोल, आणि पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. सगळ्या समुद्रांचं वजन पृथ्वीच्या वजनाच्या जेमतेम ०.०२ टक्के भरतं. म्हणजे पृथ्वी ज्या दगडांतून घडली त्यांच्या दर हजार किलोत पाव किलो ओलावा असला तरी समुद्र भरले! एवढ्यासाठी पाहुणे कशाला बोलवायचे?
२०२० मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी १३ एन्स्टॅटाइट अशनी तपासले. जडणघडणीत पृथ्वीशी सगळ्यात जास्त साम्य असलेले हे दगड, आणि तोवर ते कोरडेठाक समजले जात. त्यांत इतका हायड्रोजन सापडला की तशा दगडांच्या पृथ्वीवर समुद्रांच्या किमान तिप्पट पाणी होऊ शकतं. ड्युटेरियमचं प्रमाणही प्रावरणातल्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थरातल्या, पाण्याशी जुळतं.

कुतूहल
पाव किलोचा हिशेब वाचून थक्क झाले. पण मग तापलेल्या गोळ्यातून तो ओलावा उडून का गेला नाही?

खडकवेडा
कारण दाबाखाली शिलारसात पाणी विरघळून राहतं. आजही ज्वालामुखीतून निघणाऱ्या वायूंत सर्वाधिक वाफच असते. शिलारस थिजताना पाणी वाफ होऊन वर आलं, आणि वातावरण निवल्यावर पावसाच्या रूपाने खाली. हे फार लवकर झालं. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचे झिरकॉन या टिकाऊ खनिजाचे सर्वांत जुने कण ४.४ अब्ज वर्षांचे आहेत, आणि त्यांतल्या ऑक्सिजनवरून तेव्हा द्रवरूप पाणी असावं असं दिसतं. पृथ्वीचं वय ४.५४ अब्ज. म्हणजे जेमतेम पंधरा कोटी वर्षांत!
सगळं पाणी वर आलेलंही नाही. २०१४ मध्ये ब्राझीलमधल्या एका हिऱ्यात रिंगवूडाइट या खनिजाचा कण सापडला, शेकडो किलोमीटर खोलीवरचा. त्यात वजनाच्या एक टक्क्याहून जास्त पाणी होतं.

उल्का
एन्स्टॅटाइटबद्दल एक गंभीर शंका आहे. अशनी पडतो तो इथल्याच जमिनीवर, आणि इथलीच दमट हवा पितो. मग त्यात 'पृथ्वीसारखं' पाणी सापडलं यात नवल काय?

खडकवेडा
शंका रास्त आहे, आणि २०२५ मध्ये नेमकी तीच तपासली गेली. अंटार्क्टिकात सापडलेल्या एका एन्स्टॅटाइट अशनीत बराचसा हायड्रोजन गंधकाशी जोडलेला आढळला, तोही दगडाच्या न गंजलेल्या, अभंग भागात. तडे गेलेल्या, गंजलेल्या भागात तो जवळपास नव्हताच. बाहेरचा ओलावा शिरला असता तर चित्र उलट दिसलं असतं.

उल्का
हे मान्य. तरी जस्ताचं काय करणार? पाण्यासारखंच तेही उष्णतेने लवकर उडून जाणारं. २०२३ मध्ये त्याच्या समस्थानिकांवरून, म्हणजे हलक्या-जड प्रकारांवरून, असं निघालं की पृथ्वीवरचं जवळपास निम्मं जस्त गुरूच्या पलीकडच्या भागातून आलं असावं. जस्त आणणारे दगड पाणी तेवढं मागे ठेवून आले, हे माझ्या गळी उतरत नाही.

कुतूहल
मला आता वेगळीच अडचण दिसतेय. हलका हायड्रोजन अवकाशात निसटून जातो आणि जड मागे उरतो ना? मग आजचा १५६ हा आकडा सुरुवातीचा कसा मानायचा? मोजपट्टीच ताणली गेली असेल तर?

उल्का
फार महत्त्वाचं विचारलंत. शुक्रावर तसंच झालंय. तिथे हे प्रमाण पृथ्वीच्या शंभरपटीहून जास्त आहे, कारण त्याचं बहुतेक पाणी निसटलं. आपल्याकडे मात्र वर जाताजाता हवा इतकी गार होते की दहा-पंधरा किलोमीटरवरच वाफेचा बर्फ होऊन ती खाली येते. सूर्यकिरणांनी रेणू फुटण्याइतक्या उंचीवर फारच थोडं पाणी पोचतं. पट्टी थोडी ताणली असेल, पण निरुपयोगी झालेली नाही.

खडकवेडा
थोडी कशावरून? २०१५ मध्ये कॅनडातल्या बॅफिन बेटावरच्या लाव्हाचा अभ्यास झाला. हा लाव्हा प्रावरणाच्या अगदी खोल भागातून वर आलेला, आणि त्यातलं ड्युटेरियम समुद्रापेक्षा २० टक्क्यांहून अधिक कमी भरलं. वरच्या समुद्राशी जुळणारे दगड शोधत बसण्यापेक्षा मी तळातल्या या पाण्यावर जास्त विश्वास ठेवतो, कारण ते पृथ्वी घडतानाच आत अडकलंय.

उल्का
मूठभर नमुन्यांवर एवढा भार टाकायला मी तयार नाही. तसं खोलवरचं पाणी आणखी चार-पाच ठिकाणी सापडू दे, मग मी माझी बाजू सोडेन.